डॉ. शिरोडकर आणि जोखमीचे बाळंतपण
(सोसायटीच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थिनींपुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा सांगितले की, आमच्या मुलींना डॉक्टरीच्या व्यवसायाविषयी काही सांगा आणि त्यांच्या मातांनाही उपयोगी पडेल असे काही सांगा. या दोन्ही गोष्टी एका व्याख्यानात साधावयाच्या तर मला माझ्या विषयापासून दूर जाण्याचे कारण नाही. माझा विषय जोखमीच्या बाळंतपणाचा. जिच्या किंवा जिच्या पोटातील बाळाच्या जिवाला नेहमीपेक्षा अधिक धोका आहे अशा गरोदर बाईची देखभाल करणे, हे या शाखेतील डॉक्टरचे काम. आज मी या शाखेतील एका थोर डॉक्टरची आणि त्यांनी सोडविलेल्या एका प्रश्नाची माहिती आपणांस देणार आहे. शंभर आजारांची नावे ऐकण्यापेक्षा एक प्रश्न नीट समजून घेतला, तर या कामाचे स्वरूप अधिक चांगले कळेल असे मला वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. गरोदरपण हा आजार नव्हे. बहुसंख्य बायकांचे दिवस सुखरूप भरतात आणि बाळंतपण सुखरूप होते. परंतु काहींच्या बाबतीत तसे घडत नाही. कोणाचा रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर झटके येतात. कोणाला मधुमेह असतो, कोणाला हृदयाचा विकार असतो, कोणाच्या अंगात रक्तच नसते. कोणाच्या पोटात जुळे असते, कोणाची वार खाली असते. आणि काही बायका अशा असतात की त्यांना दिवस राहतात, तीन महिने उलटतात, चौथा-पाचवा महिना लागतो, आणि एके दिवशी कसलीही कळ न येता पोट पडते. पुढच्या खेपेस पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या खेपेसही तेच. मी आज बोलणार आहे ते या शेवटच्या बायकांविषयी.

अशा बाईची घरात काय स्थिती होते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको. पहिल्या वेळी सगळे हळहळतात. दुसऱ्या वेळी सासूबाई गप्प होतात. तिसऱ्या वेळी शेजारीपाजारी बोलू लागतात. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते हिचा पायगुण, कोणी म्हणते हिने जिना चढला, पाण्याची घागर उचलली, ग्रहणात बाहेर गेली. कोणी तावीज आणून देते, कोणी दर्ग्यावर चादर चढविण्याचा नवस बोलते. दुआ मागण्यास डॉक्टरची कधीच हरकत नसते. हरकत आहे ती, ज्या बाईच्या शरीरातील एक लहानसा भाग दुबळा आहे तिला गुन्हेगार ठरविण्याला. मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा याच सुमारास घरात सुरू होते. म्हणजे प्रश्न केवळ एका गर्भाचा राहत नाही, तो एका बाईच्या संसाराचा होतो.

हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. शालेय शिक्षण हुबळीस झाले आणि डॉक्टरीच्या शिक्षणासाठी ते मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले आणि १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयात एम.डी. झाले. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ साली त्यांनी एफ.आर.सी.एस. ही शल्यविद्येतील पदवी मिळविली. परत आल्यावर ज्या कॉलेजात ते शिकले तेथेच शिकवू लागले, आणि त्याला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी काम केले. मुंबईच्या या सरकारी रुग्णालयात गोरगरिबांच्या बायका येत. शिरोडकरांच्या कामाची पार्श्वभूमी ही आहे, हे लक्षात ठेवावे.

ते हाताचे फार कुशल होते. अंग बाहेर येणे हा जो बायकांचा जुना त्रास आहे, त्यावर पट्टीच्या आधाराने गर्भाशय वर उचलून धरण्याची एक शस्त्रक्रिया त्यांनी बसविली, आणि तीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु जगभर त्यांचे नाव झाले ते वारंवार पडणाऱ्या गर्भावरील शस्त्रक्रियेमुळे.

आता ही अडचण काय आहे ते थोडक्यात समजून घेऊ. गर्भाशय ही एक पिशवी आहे अशी कल्पना करा. पिशवीचे तोंड खाली असते. या तोंडाच्या भागाला आम्ही ग्रीवा म्हणतो, आणि तिची लांबी साधारण तीन ते चार सेंटिमीटर असते. गर्भाशयाचा वरचा भाग स्नायूंचा आहे, तो बाळंतपणात आवळतो आणि बाळाला बाहेर ढकलतो. ग्रीवेचे काम याच्या उलट आहे. नऊ महिने घट्ट मिटून राहणे हे तिचे काम, म्हणून तिच्यात स्नायू कमी आणि चिवट तंतू जास्त असतात. दिवस भरले की हे तंतू मऊ होतात, कळा सुरू होतात आणि तोंड उघडते.

काही बायकांमध्ये ही ग्रीवा दुबळी असते. कधी ती जन्मतःच तशी असते. कधी पहिल्या अवघड बाळंतपणात ती फाटलेली असते. कधी पिशवी धुण्याच्या वेळी तोंड फार ताणले गेलेले असते. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ लहान असतो, त्याचे वजन पडत नाही. पुढे बाळ वाढते, पाणी वाढते, आणि हे ओझे खाली येऊ लागते. दुबळी ग्रीवा ते सहन करू शकत नाही, आणि कळा न येताच तोंड हळूहळू उघडते. पाण्याची पिशवी खाली उतरते, फुटते, आणि बाळ बाहेर पडते. ते बाळ बहुधा चांगले घडलेले असते, त्याच्यात काही व्यंग नसते. ते केवळ फार लवकर आलेले असते. आईला आदल्या दिवशी थोडे जड वाटले, पाठ भरून आली, अंगावरून थोडे पाणी गेले, एवढेच काय ते तिला सांगता येते.

अशा बायकांना डॉक्टर त्या काळी अंथरुणावर पडून राहावयास सांगत आणि संप्रेरकांची औषधे देत. पडून राहून तोंड मिटत नाही, आणि औषधांनी तंतू चिवट होत नाहीत. शिरोडकरांच्या ध्यानात हीच गोष्ट आली. विश्रांती आणि संप्रेरके यांचा काही उपयोग होत नाही, तरीही चौथ्या आणि सातव्या महिन्यांच्या दरम्यान पुन:पुन्हा गर्भ जातो, अशा बायकांचा एक गट त्यांनी वेगळा काढला. या बायकांचा दोष रक्तात नाही, ग्रहात नाही, वागण्यात नाही, तो पिशवीच्या आतल्या तोंडाशी आहे असे त्यांनी ठरविले.

हा विचार करणारे ते एकटे नव्हते. अमेरिकेत लॅश नावाच्या डॉक्टरांनी १९५० साली याच दोषाविषयी लिहिले होते आणि त्यावर शस्त्रक्रियाही सुचविली होती. परंतु ती शस्त्रक्रिया बाई गरोदर नसताना करावयाची होती. ग्रीवेचा दुबळा तुकडा कापून काढावयाचा आणि कडा शिवावयाच्या. यात अडचण अशी की, काही बायकांना त्यानंतर दिवसच राहत नसत. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच शस्त्रक्रिया केली. आज आपणांस यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी, ज्या बाईचा गर्भ पडण्याची भीती आहे तिच्या गर्भाशयाला हात लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण असे मानले जाई. सोनोग्राफी नव्हती. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी पोटातील गर्भाच्या ध्वनिचित्रांविषयीचा आपला पहिला निबंध १९५८ साली छापला. शिरोडकरांपाशी त्यांची बोटे होती, डोळे होते आणि बाईने सांगितलेली हकीकत होती.

शस्त्रक्रिया अशी होती. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भाच्याच घडणीतील दोषामुळे होतात, आणि त्यांना टाका घालून उपयोग नसतो. म्हणून तो काळ जाऊ द्यावयाचा. त्यानंतर भूल देऊन ग्रीवेच्या पुढच्या बाजूस लहानसा छेद घ्यावयाचा, मूत्राशय हलकेच वर सारावयाचे, मागच्या बाजूसही छेद घ्यावयाचा, आणि ग्रीवेभोवती अगदी आतल्या तोंडाच्या उंचीवर एक पट्टी फिरवून बांधावयाची. ही पट्टी त्यांनी सुरुवातीस त्याच बाईच्या मांडीतून घेतली. मांडीच्या स्नायूंवर एक पांढरे, चिवट पटल असते, त्याची ती पट्टी. पुढे कृत्रिम धाग्याच्या फिती आल्या. पट्टी फार सैल ठेवून चालत नाही आणि फार आवळूनही चालत नाही, कारण आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. छेद शिवून पट्टी झाकून टाकावयाची. दिवस भरत आले की पट्टी कापावयाची आणि बाळंतपण होऊ द्यावयाचे, नाहीतर शस्त्रक्रिया करून बाळ काढावयाचे.

१९५५ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. तो लंडनच्या नियतकालिकात नव्हे, तर मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय वैद्यकीय मासिकात. पाच वर्षांत ३० बायकांवर केलेल्या कामाची ती हकीकत होती. या ३० जणींपैकी प्रत्येकीचे निदान चार गर्भ गेलेले होते, आणि काहींचे तर नऊ ते अकरा. या आकड्यांवर क्षणभर थांबावे. नऊ वेळा आशा धरणे, नऊ वेळा पोट रिते होणे आणि दहाव्या वेळी डॉक्टरपुढे येऊन बसणे, याला किती धैर्य लागत असेल! अशी बाई पुढे आली की तिला नशिबाचा बोल लावून परत पाठविणे सोपे असते. शिरोडकरांनी तिचे म्हणणे ऐकले. कोणत्या महिन्यात गेले, कळा आल्या की नाही, आधी पाणी गेले की आधी रक्त गेले, बाळ जिवंत होते का, हे प्रश्न त्यांच्या निदानाचा पाया होते. माझ्या शाखेतील प्रत्येक डॉक्टर आजही नव्या रुग्णाला प्रथम हेच प्रश्न विचारतो.

दोन वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. इयन मॅक्डोनल्ड यांनी याच कल्पनेचा एक सोपा प्रकार प्रसिद्ध केला. त्यात छेद घ्यावा लागत नाही. बटव्याच्या तोंडाला जशी नाडी ओवतात, तसा ग्रीवेभोवती सुईने धागा ओवून तोंड आवळावयाचे. त्यांनी ७० बायकांवर हे केले होते. हा टाका घालण्यास सोपा, काढण्यास सोपा, म्हणून तो फार पसरला. शिरोडकरांचा टाका अधिक वर, आतल्या तोंडापाशी बसतो, परंतु त्याला हात अधिक कसलेला लागतो. आज जगातील कोणत्याही देशाचे प्रसूतिशास्त्राचे पुस्तक उघडा, हे दोन्ही प्रकार तेथे शेजारी शेजारी सापडतील. गोव्यातील एका लहान गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या पुस्तकात गेले आहे.

याच काळातील दुसरी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण तिच्यावाचून शिरोडकरांच्या कामाची किंमत कळणार नाही. गर्भपात टळावा म्हणून पाश्चात्त्य देशांत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक लाखो बायकांना दिले जात होते. १९५३ साली शिकागो येथे त्याची पद्धतशीर तुलना करण्यात आली आणि त्याचा काही उपयोग नाही असे दिसून आले. तरीही ते देणे चालूच राहिले. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, ज्या मातांनी गरोदरपणी हे औषध घेतले त्यांच्या तरुण मुलींना योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होत आहे. इतकेच नव्हे, अशा कित्येक मुलींच्या गर्भाशयाची घडणही सदोष निघाली आणि त्यांचेच गर्भ टिकेनात. चांगल्या हेतूने दिलेल्या औषधाने पुढच्या पिढीचे नुकसान केले. यावरून हे शिकावयाचे की, जोखमीच्या बाळंतपणात ‘काहीतरी करा’ ही घरच्यांची मागणी आणि ‘काहीतरी देऊ’ ही डॉक्टरची वृत्ती दोन्ही धोक्याच्या आहेत. उपाय दोषाला नेमका लागू पडला पाहिजे, आणि त्याची परीक्षा झाली पाहिजे.

मग शिरोडकरांच्या उपायाची परीक्षा झाली काय? झाली. टाका लोकप्रिय झाला तसा तो नको तेथेही घातला जाऊ लागला. एखादा गर्भ गेला की घाला टाका, असे होऊ लागले. त्यामुळे ब्रिटनमधील संस्थांच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून एक मोठी तुलना करण्यात आली आणि तिचा अहवाल १९९३ साली आला. तीत १,२९२ बायका होत्या. निम्म्या बायकांना टाका घालण्याचे धोरण ठेवले आणि निम्म्यांना शक्यतो घातला नाही. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण टाक्याच्या गटात १३ टक्के आणि दुसऱ्या गटात १७ टक्के निघाले. म्हणजे साधारण २५ बायकांना टाका घातला तर एकीचा फायदा होतो. हा फायदा लहानच म्हणावयाचा. परंतु ज्या बायकांची तीन किंवा अधिक बाळंतपणे पूर्वी अवेळी झाली होती, त्यांचे आकडे वेगळे काढले तेव्हा चित्र पालटले. टाका असलेल्यांत १५ टक्के आणि नसलेल्यांत ३२ टक्के. म्हणजे निम्म्याहूनही कमी. शिरोडकरांनी टाका घातला तो नेमका अशाच बायकांना. त्यांनी निवडलेल्या बायका बरोबर होत्या, हे त्यांच्या मागे आकड्यांनी सिद्ध केले.

शस्त्रक्रिया करता येणे हा डॉक्टरच्या कौशल्याचा अर्धा भाग झाला. ती कोणावर करावयाची आणि कोणावर नाही हे ओळखणे हा दुसरा अर्धा, आणि तो अधिक कठीण आहे. कळा सुरू झाल्या असतील, रक्त जात असेल, पाणी फुटले असेल, आत जंतूंचा शिरकाव झाला असेल, तर टाका घालावयाचा नसतो. त्याने आईचाच जीव धोक्यात येतो. जुळे आहे एवढ्याच कारणावरून टाका घालण्याचा उपयोग होत नाही, असे अनुभवास आले आहे. टाका घातल्यावरही जंतुदोष होऊ शकतो, पाणी फुटू शकते. म्हणून ‘शेजारणीला टाका घातला, मलाही घाला’ असे म्हणून चालत नाही.

आता या कामात पुष्कळ साधने आली आहेत. सोनोग्राफीने ग्रीवेची लांबी मोजता येते. ज्या बाईचे आधीचे बाळंतपण फार लवकर झाले आहे तिची लांबी ठराविक दिवसांनी मोजत राहावयाची, आणि २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर टाक्याचा विचार करावयाचा, अशी रीत आहे. त्यामुळे अनेकींचा टाका टळतो. काही बायकांना प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी अंगावाटे ठेवण्यास दिली जाते, आणि तिचा उपयोग तुलना करून सिद्ध झालेला आहे. टाका बहुधा ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास काढतात. बाळ लवकर येणारच असे दिसले तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. ही गोष्ट न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिली. अशा वेळी एकेका आठवड्याला मोल असते. २४ आठवड्यांचे बाळ आणि २८ आठवड्यांचे बाळ यांत फरक चार आठवड्यांचाच, पण एवढ्याने त्याच्या जगण्याचा संभव कितीतरी वाढतो.

डॉ. शिरोडकरांना १९६० साली पद्मभूषण मिळाले आणि १९७१ साली पद्मविभूषण. त्याच वर्षी ७ मार्च रोजी ते निवर्तले.

येथे एक प्रश्न आपल्यापुढे ठेवते. डॉक्टर कितीही मोठा असला, तरी बाई त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. पूर्वी कितीतरी बायका पोहोचतच नसत, कारण पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना मान्य नसे. हे आपल्याच समाजात होते असे नाही, सर्वच समाजांत होते. याच कारणासाठी मुंबईत १८८६ साली बायकांसाठी कामा हॉस्पिटल निघाले आणि तेथे बायकाच डॉक्टर असाव्यात अशी योजना झाली. या हॉस्पिटलची सूत्रे १९२८ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाती आली. त्या बेने इस्रायल या कोकणाशी जुने नाते असलेल्या अगदी लहान समाजातील. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून, शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या आणि १९१९ साली प्रसूतिशास्त्रात तेथील एम.डी. झाल्या. १९४७ पर्यंत त्यांनी हे हॉस्पिटल सांभाळले. बाळंतपणात बायका का मरतात याची मुंबईत पद्धतशीर पाहणी करण्याचे कामही त्यांनी केले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. समाज संख्येने लहान असला म्हणजे त्यातील मुलीची झेप लहान असावी असे नाही, हे यावरून दिसते. मुलींनो, हे मी तुमच्यासाठी सांगते आहे.

आणि आता थोडे मातांसाठी आणि सासूबाईंसाठी. आपल्या देशात १९९७-९८ साली एक लाख जिवंत बाळांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० या काळात ही संख्या ९७ वर आली, आणि महाराष्ट्रात ती ३३ होती. हा फरक काही एका शस्त्रक्रियेने झालेला नाही. बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, रक्त मिळू लागले, रक्तदाब मोजला जाऊ लागला, आणि जोखीम आधी ओळखली जाऊ लागली, म्हणून तो झाला. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी करण्याची योजना सुरू झाली. जिला धोका अधिक तिच्या कार्डावर तांबडी खूण करण्याची पद्धत तीत ठेवली आहे. ही खूण पाहून कोणी घाबरू नये आणि कोणी लाजूही नये. तांबडी खूण म्हणजे हिच्याकडे अधिक लक्ष द्या, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या हाती काय आहे ते सांगते. पाळी चुकली की महिना मोजून ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. ‘पाचवा महिना लागू द्या, मग जाऊ’ असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. ज्या बाईची ग्रीवा दुबळी आहे तिच्या बाबतीत पाचव्या महिन्यात जाणे म्हणजे उशीर झाल्यावर जाणे. पूर्वीचा एखादा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात गेला असेल, तर ही गोष्ट डॉक्टरपासून लपवू नका. नव्या सुनेच्या माहेरी काही घडले असेल, पहिल्या लग्नात काही घडले असेल, तेही सांगू द्या. डॉक्टरपुढे ती एकटी बसून बोलू शकेल एवढी मोकळीक तिला द्या. कारण कित्येक वेळा मी पाहिले आहे की, प्रश्न मी सुनेला विचारते आणि उत्तर सासूबाई देतात. जुने कागद जपून ठेवा. पाठ एकाएकी भरून आली, खालच्या बाजूस जड वाटू लागले, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर सूज आली, बाळ हलेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा. आणि एक गर्भ गेला तर त्याचे कारण विचारण्यासाठी डॉक्टरकडे जोडीने जा. नवराही बरोबर असावा. हे दुःख दोघांचे आहे आणि तपासही दोघांचा आहे.

काही वेळा सर्व उपाय करूनही गर्भ राहत नाही. टाका घालूनही गेला असे होते. माझ्या व्यवसायात हा प्रसंग चुकत नाही. अशा वेळी त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना एवढेच सांगावयाचे असते की, यात हिचा दोष नाही. पुष्कळ घरांतून मला असे सांगण्यात आले आहे की, आमच्या घरात हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले.

माझ्या विद्यार्थिनी मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या विज्ञान शाखेकडे जाणार आहेत त्यांना मी सांगेन की, या शाखेत रात्रीची झोप मिळत नाही, सणाच्या दिवशी घरी जेवावयास मिळेलच असे नाही, आणि शिक्षणाची वर्षे फार लागतात. तरीसुद्धा या कामाला माणसांची गरज आहे, आणि विशेषतः ज्यांच्याशी आपल्या मोहल्ल्यातील बाई तिच्या भाषेत मन मोकळे करील अशा डॉक्टरांची गरज आहे. ज्या डॉक्टर होणार नाहीत त्या परिचारिका होतील, आशा कार्यकर्त्या होतील, शिक्षिका होतील, माता होतील आणि पुढे सासवाही होतील. त्यांनीही आज ऐकलेले ध्यानात ठेवावे. वारंवार पोट पडणाऱ्या बाईला कोणी तुमच्यासमोर बोल लावील, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहण्यापुरते ज्ञान आता तुमच्यापाशी आहे.

 व्याख्यानानंतर मागच्या खोलीत मी तासभर बसणार आहे. ज्या भगिनींना काही विचारावयाचे असेल त्यांनी संकोच न करता यावे, आणि जुने कागद जवळ असतील तर तेही घेऊन यावेत.